स्क्रीन काळी झाली, पंखा मात्र फिरतोच आहे

हे बघा, शट डाउन केलंय, स्क्रीन काळी झालीय. आता जरा कॅबिनेटजवळ कान न्या. पंखा फिरतोय, पुढचा लाइट पण तसाच. दहा मिनिटं थांबलात तरी तेच. मग आपण पॉवर बटण दाबून धरतो, चारेक सेकंदात सगळं गप्प होतं आणि आपण झोपायला जातो. एखाद्या वेळी ठीक आहे, पण रोज नका करू असं, खरंच नका करू, कारण नेमकं तेव्हा डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं आणि एक दिवस कामाचीच फाइल उघडत नाही.

विंडोज ९५ च्या काळात स्क्रीनवर मेसेज यायचा, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, की आपण हाताने बटण बंद करायचं. १९९५ ला एटीएक्स ही मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायची नवी रचना आली आणि पुढे ते काम मदरबोर्डकडे गेलं. या २४ पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये ही हिरवी वायर दिसतेय ना, मदरबोर्ड तिला ग्राउंडला ओढून धरतो तोवर सप्लाय चालू, सोडली की बंद. म्हणजे विंडोजने सगळं आवरायचं आणि मग मदरबोर्डला सांगायचं, सोड आता. आपल्या मशीनमध्ये हा निरोपच वाटेत अडकतोय.

आधी रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्ट नीट होतंय पण शट डाउन होत नाहीये, तर माझा पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. हे २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलं, आणि यात शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच, तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, जसेच्या तसे डिस्कवर एका फाइलमध्ये ठेवले जातात, सकाळी लवकर चालू व्हावं म्हणून. एखादा ड्रायव्हर तेव्हा ऐकत नसला की सगळं तिथेच अडतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अप टाइम बघा, रोज रात्री नीट बंद होणाऱ्या मशीनवरही कित्येक दिवस दिसतात ते यामुळेच.

आता शिफ्ट दाबून धरा आणि तसंच शट डाउनवर क्लिक करा. हे पूर्ण बंद करणं. पंखा थांबला? मग चोर सापडला. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणांचं सेटिंग, फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका. पण एवढ्यावर सोडू नका, मूळ दुखणं बहुतेक ड्रायव्हरचं असतं, मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून चिपसेटचा आणि इंटेल असेल तर मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर नवीन टाका.

तरी थांबत नसेल तर कीबोर्ड माऊस सोडून सगळे यूएसबी काढा, हब, प्रिंटर, बाहेरची डिस्क, आणि एकेक परत लावत बघा. वेळखाऊ आहे, पण करा.

आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ही विंडोजची नोंदवही, लोक याला उगाच घाबरतात. सिस्टम लॉगमध्ये ६००६ शोधा, म्हणजे नोंदी ठेवणारी सर्व्हिस नीट बंद झाल्याची नोंद. फास्ट स्टार्टअप बंद असताना ही नोंद आली असेल तर विंडोजने बरंचसं आवरलं होतं, गाडी त्यानंतर अडली, म्हणजे ड्रायव्हर किंवा बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) बघा. ६००६ नाहीच, आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर ४१ किंवा ६००८, म्हणजे मशीन नीट बंद न झाल्याची नोंद, दिसतेय, तर अडचण आधीच आहे, कुठलीतरी सर्व्हिस किंवा प्रोग्राम बंद व्हायला तयार नाही.

आता बघा, पंख्याची पाती हळू होतायत, मोजता येतायत, थांबली. कीबोर्डचा लाइट अजून चालू आहे, त्याची काळजी नको, ही जांभळी वायर बंद मशीनलाही ५ व्होल्ट देतच असते. डोळ्यात खुपत असेल तर बायोसमध्ये ईआरपी नावाचं सेटिंग चालू करा, तोही विझेल.