३.१५

अमळनेर. एप्रिलची रात्र. दिवसभर तापलेली गच्ची अजून निवलेली नाही. खालच्या खोलीत टेबल फॅनचं तोंड माणसाकडे नाही, एका जाड, काळ्या यंत्राकडे वळवलंय.

हे पहिल्या घडणीचं प्लेस्टेशन ३, सोनीचं व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. मामांनी दुबईहून आणलेलं. पोरं खेळून मोठी झाली आणि ते दिवाणात गेलं.

या मॉडेलमध्ये कंपनीनंच एक सोय दिली होती, 'अदर ओएस'. हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढायचा आणि त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसवायची. २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलानं अशी १,७६० यंत्रं जोडून महासंगणक उभा केला. त्याच वर्षी १ एप्रिलला यंत्राच्या मूळ प्रणालीचं ३.२१ हे अपडेट आलं आणि ती सोय गेली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळ बंद.

या घरात तेव्हा इंटरनेटच नव्हतं. अपडेट गेमच्या डिस्कसोबतही येतं. पण नवी डिस्क पुन्हा कुणी आणलीच नाही. दिवाणातून काढून टीव्हीला जोडलं, तेव्हा पडद्यावर प्रणालीच्या आवृत्तीचा आकडा आला: ३.१५. सोय शाबूत!

पेनड्राइव्हवरून बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. मग डेबियन ८, लिनक्सचाच एक प्रकार. पॉवरपीसी या जातीच्या प्रोसेसरसाठी, म्हणजे या यंत्रातल्यासारख्या, डेबियननं अधिकृतपणे काढलेली ही शेवटची आवृत्ती.

मेमरी मात्र जेमतेम २५६ एमबी. ग्राफिक्स चिपजवळ तिची आणखी २५६ आहे, पण ती चिप लिनक्सला पुरती वापरता येत नाही. कंपनीचा राखणदार प्रोग्रॅम, हायपरवायझर, आडवा येतो. तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांनी वाट काढलीच. त्यांचा एक छोटा ड्रायव्हर त्या चिपची मेमरी डिस्कसारखी पुढे करतो. तिच्यावर एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, म्हणजे ती जादा मेमरी म्हणून वापरायच्या आज्ञा. दोन ओळी टाइप झाल्या आणि अडखळणारा एडिटर मोकळा झाला. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही, अशा माणसांचे हे उपकार आहेत.

"चालू व्हयनं का रे?" आई दारातून विचारते.

तिच्यासाठीच तर हा खटाटोप. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हाची गाणी तिला तोंडपाठ आहेत. घरात लिहिलेली कुठेच नाहीत. पहिल्या रात्री अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. लोहित मराठी फॉन्ट टाकला, तेव्हा अहिराणी दिसू लागली.

आई खाटेच्या कडेला बसते. एक ओळ म्हणते, थांबते. कीबोर्ड वाजतो. "व्हयनं?" ती विचारते, आणि पुढची ओळ सांगते.