'खळखळ' किती वेळा?

(पहाट. रामकुंडाच्या पायऱ्या. पाण्याचा आवाज.)

गोदावरीवर निबंध लिहायला सांगा, नाशिकचं पोर 'खळखळ' हा शब्द घालणारच. पंचवटीतल्या एका शिक्षिकेने ठरवलं, एकदा मोजूनच बघू. वर्गाचे निबंध टाइप करून घेतले आणि पेन ड्राइव्ह दिला भाच्याकडे.

(कॉलेज रोड. खोली, लॅपटॉप, गार झालेला चहा.)

भाच्याने आधी लूपच लिहिला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्राम. चार अक्षरं बघ, जुळली तर एक मिळव, एक घर पुढे सरक. उत्तर बरोबर आलं, वेळही फार लागला नाही. उगाच खोटं कशाला बोला? पण त्याला एपीएल या प्रोग्रामिंग भाषेचं वेड. संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हर्सन यांच्या 1962 सालच्या पुस्तकातल्या चिन्हलेखनातून निघालेली ही भाषा. पुढे 1979 साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिथे एकेका अक्षराशी नाही, अख्ख्या मजकुराशी एका दमात बोलायचं.

(पडद्यावर: खळखळखळ)

सहा अक्षरं. यातला प्रत्येक 'ख' कुठे आहे? आहे तिथे 1, नाही तिथे 0: 1 0 1 0 1 0. 'ळ' कुठे? 0 1 0 1 0 1. आता शोधायच्या शब्दातल्या चार अक्षरांच्या चार ओळी मांडायच्या. पहिली जागेवर, दुसरी एक घर डावीकडे, तिसरी दोन, चौथी तीन. चारही ओळींत जिथे 1 आला, तिथे शब्द सुरू होतो: 1 0 1 0 0 0. बेरीज दोन.

भाच्याला पहिल्यांदा तीन आले होते. त्याने ओळी सरकवल्या नव्हत्या, फिरवल्या होत्या. डावीकडून पडलेली अक्षरं उजवीकडून परत आत शिरली, आणि शेवटच्या 'खळ'ला सुरुवातीचा 'खळ' चिकटला. रिकाम्या घरात शून्यच भरायला हवं. ही चूक एकदा केल्याशिवाय कळत नाही, असं माझं मत.

हे सगळं करणारं तयार चिन्हही आहे, खाली रेघ मारलेलं ग्रीक अक्षर एप्सिलॉन. ओळीच्या सुरुवातीला बेरजेचं चिन्ह आणि तिरकी रेघ, झालं. लूप गेला म्हणायचं, पण खरं तर तो भाषेच्या पोटात जाऊन बसला. तुलना कुणीतरी करतंच.

(संध्याकाळ. गोदाघाट.)

"दोन कसे रे?" मावशी म्हणाली. "पोराने एकदाच लिहिलंय."

"मावशी, एकात एक अडकलेलेही यात धरले जातात. मधला 'खळ' दोन्हीकडे मोजला."

लूपमध्ये जुळल्यावर चार घरं उडी मारली असती, तर एकच आला असता. मावशीला मात्र आकड्यात रस उरला नव्हता.

"बेरीज राहू दे. कुणी कुठे लिहिलंय, ते दाखव."

भाच्याने बेरजेचं चिन्ह आणि तिरकी रेघ पुसली. पडद्यावर उरली ती एक आणि शून्यांची लांबलचक ओळ.