डूख : मॉन्ट्रेसॉरच्या तळघरातली अकरा थरांची भिंत

दिवेलागणीची वेळ. इटलीतलं एक शहर, त्याचं नाव गोष्टीत कुठेच येत नाही. कार्निव्हल अगदी भरात आलाय, रस्त्यावर मुखवटे, दारू, नुसता धिंगाणा, आणि त्या गर्दीत एक माणूस दुसऱ्याचा हात हातात घेतो आणि सोडतच नाही, बघणाऱ्याला वाटावं किती जिवाभावाचे दोस्त आहेत. ज्याचा हात धरलाय तो फॉर्च्युनाटो, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा विदूषकाचा ड्रेस, डोक्यावर निमुळती टोपी आणि टोपीला घुंगरं. ही घुंगरं लक्षात ठेवा. आणि हात धरणारा मॉन्ट्रेसॉर, त्याने या माणसाला मनात कधीच संपवलेलं आहे.

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ही गोष्ट, 'द कास्क ऑफ अमोन्टिलाडो', नोव्हेंबर १८४६ मध्ये 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकात आली. इतकी छोटी की एका बैठकीत वाचून होते, पण मी कितीतरी वेळा वाचली आणि दरवेळी एकाच प्रश्नापाशी अडकले, फॉर्च्युनाटोने नेमकं केलं काय होतं? मॉन्ट्रेसॉर सांगतो की त्याचे हजार त्रास मी सोसले, पण त्याने अपमान केला तेव्हा सूड घ्यायचं ठरवलं. बस. कोणता अपमान, कधी, कुणासमोर, एक शब्द नाही.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, डूख धरणे. साप डूख धरतो म्हणतात ना, तसं. आणि गंमत बघा, मॉन्ट्रेसॉरच्या घराखालच्या तळघरात, जिथे त्याच्या पूर्वजांची हाडं ठेवलीत, चालता चालता फॉर्च्युनाटो विचारतो की तुमच्या घराण्याचं चिन्ह काय होतं रे, मी विसरलो. मॉन्ट्रेसॉर सांगतो, निळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचं भलंमोठं पाऊल, ते सापाला चिरडतंय आणि सापाचे दात टाचेत रुतलेत. खाली लॅटिनमध्ये ब्रीद, मला डिवचणारा शिक्षेवाचून सुटत नाही. आता यात मॉन्ट्रेसॉर पाऊल आहे की साप, तो स्वतःला पाऊलच समजत असणार, मला मात्र तो साप वाटतो. आणि ते 'मी विसरलो' ऐका. एका जुन्या, मोठ्या घराण्याच्या माणसाला त्याच्याच पूर्वजांच्या हाडांमध्ये उभं राहून कुणी असं सहज म्हणतं, आणि त्याला कळतसुद्धा नाही की आपण काय बोललो! अपमान कोणता ते पोने सांगितलं नाही, पण कसा असेल ते इथे दिसतं.

त्याच्या जरा आधी मॉन्ट्रेसॉर म्हणतो, तू श्रीमंत आहेस, लोक तुला मानतात, तू सुखी आहेस, जसा मी एकेकाळी होतो. एकेकाळी! मला वाटतं अख्ख्या गोष्टीत हा माणूस खरं बोलला असेल तर या एका शब्दात.

त्याला खाली नेलं कसं? केसाने गळा कापणं म्हणजे काय ते इथे बघावं. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, अमोन्टिलाडोचं, म्हणजे एका स्पॅनिश वाइनचं, पिंप मिळालंय, खरी आहे का शंका आहे, तू बिझी दिसतोस, मी लुकेसीला, म्हणजे वाइनच्या दुसऱ्या जाणकाराला, विचारतो. झालं. लुकेसीला काय कळतं, चल, मीच बघतो, असं म्हणत फॉर्च्युनाटो स्वतःच ओढत घेऊन जातो. घरी नोकर नाहीत, कारण त्यांना सांगितलेलं होतं की मी सकाळपर्यंत येणार नाही आणि कुणी घर सोडायचं नाही, आणि मालकाची पाठ वळताच सगळे पळणार हे त्याला पक्कं माहीत होतं. माणूस ओळखण्यात हा इतका हुशार.

खाली भिंतींवर सोरा चढलाय, हवा दमट, फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ थांबत नाही. तो म्हणतो, खोकल्याने काही मी मरत नाही. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, खरंय, खरंय. १८४६ मध्ये पोच्या स्वतःच्या घरात, न्यूयॉर्कजवळ फोर्डहॅमला, त्याची बायको व्हर्जिनिया क्षयाने खंगत होती, ३० जानेवारी १८४७ ला ती गेली. १८४६ मध्येच थॉमस डन इंग्लिश या लेखकाशी पोचं जोरदार भांडण चाललेलं, एका वृत्तपत्राने इंग्लिशचं बदनामीचं पत्र छापलं म्हणून पोने त्या पेपरवर दावा लावला आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये जिंकलाही. अपमान आणि खोकला, दोन्ही त्याच्या घरातच होते.

आणि मग ती भिंत. कोनाडा चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच. फॉर्च्युनाटोला आत उभं करून साखळी, कुलूप, दोन सेकंदात काम झालं, आता कोनाड्याचं तोंड भिंतीने बुजवायचं, हाडांच्या ढिगाखालून दगड आणि चुना निघाला आणि अंगरख्यातली गवंड्याची थापी आधी दाखवलेलीच होती. पहिला थर होतो न होतो तोच आतून कण्हणं ऐकू येतं, आणि ते दारू प्यायलेल्या माणसाचं नाही, त्याची उतरलीय. चौथ्या थरानंतर साखळी जोरजोरात खणखणते, तर हा काम थांबवून हाडांवर बसतो, नीट ऐकता यावं म्हणून. सातव्या थरानंतर किंकाळ्या, तेव्हा क्षणभर हाच थरथरतो, मग भिंतीला हात लावून बघतो, पक्की आहे, आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडतो. मध्यरात्री अकरावा थर, एक दगड उरलेला.

सुरुवातीला त्याने स्वतःच दोन अटी घातल्या होत्या. सूड घेणारा सापडता कामा नये, आणि ज्याच्यावर सूड घेतला त्याला कळलं पाहिजे की हा सूड आहे. पहिली अट पुरी झाली. दुसरी? फॉर्च्युनाटो आधी हसतो, म्हणतो भारी चेष्टा केलीस, घरी सगळे वाट बघत असतील, चल जाऊया. मग म्हणतो, देवासाठी तरी, मॉन्ट्रेसॉर! मॉन्ट्रेसॉर तेच शब्द परत म्हणतो, हो, देवासाठी. का मारतोय ते तेव्हाही सांगत नाही. मग आत सगळं शांत. आता हाच हाक मारायला लागतो, फॉर्च्युनाटो! परत, फॉर्च्युनाटो! उत्तर नाही. फटीतून मशाल आत टाकतो, आणि आतून येतात फक्त घुंगरं.

तो म्हणतो, माझं काळीज कसंसंच झालं, तळघरातल्या दमट हवेमुळे. मग घाईघाईने शेवटचा दगड बसवतो, चुना थापतो, आणि नव्या भिंतीसमोर जुन्या हाडांचा ढीग पुन्हा होता तसा रचतो. हे सगळं तो पन्नास वर्षांनी सांगतोय, आणि थर कितवा होता ते एकदाही चुकत नाही.