डांबर पडण्याआधी

नमस्कार मंडळी. "रस्त्याचं काम करताना पुरातन अवशेष सापडले" अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. आयर्लंडमध्ये हे योगायोगावर सोडत नाहीत. तिथे डांबराच्या कितीतरी आधी पुरातत्त्ववाले शेतात उतरतात आणि त्यांचा खर्च रस्त्याच्याच बजेटमधून निघतो.

आधी कागदावरचं काम: जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो. मग मॅग्नेटोमीटर घेऊन शेत पालथं घालायचं. चूल पेटून भाजलेली माती किंवा बुजलेला चर असेल तर तिथलं चुंबकत्व आजूबाजूपेक्षा थोडं वेगळं लागतं. त्यानंतर होणाऱ्या रस्त्याच्या मधोमध एक लांब चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी फाटे. एक्सकॅव्हेटरचं बकेट मात्र बिनदातांचं हवं. दातेरी बकेटने माती ओरबाडली की खालचे डाग पुसले जातात, आणि इथे सगळा खेळ डागांचाच आहे. लाकडी खांब कुजून जातो, पण त्याचा खड्डा गडद रंगाचा गोल डाग म्हणून मातीत उरतो.

असेच डाग आयर्लंडमधल्याच लिस्मलिनला निघाले. साल २००७, एम-३ महामार्गाचं काम. सर्वेक्षण उरकून उत्खनन चालू होतं. डागांमागून डाग मिळत गेले आणि ८० मीटर व्यासाचं, खांबांचं लोहयुगीन वर्तुळ उलगडलं. आत आणखी एक छोटं वर्तुळ, आणि तिथवर नेणारी वाट. हे कुठे, तर प्राचीन राजांची जागा मानल्या जाणाऱ्या ताराच्या टेकडीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर!

त्याला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. पुढे काय झालं असेल? रस्ता वळवला? नाही. पूर्ण उत्खनन केलं, प्रत्येक खड्डा मोजला, नोंदवला आणि त्यावरून रस्ता नेला. जून २०१० मध्ये एम-३ सुरू झाला. याला तिकडे नोंदीद्वारे जतन म्हणतात. मला विचाराल तर 'जतन' हा शब्द इथे जरा जास्तच होतो. जागा गेली, कागद राहिले. पण सर्वेक्षणच नसतं, तर इथे काही होतं हेही कळलं नसतं.

आता आपल्याकडे. आपल्या कायद्याचा भर घोषित स्मारकांवर आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. पण यादीतच नसलेल्या पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचं काय? शिरूर तालुक्यातलं इनामगाव आठवा. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं, म्हणून घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती समजली: घरं, धान्याची कोठारं, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. वरून पाहणाऱ्याला तिथे फक्त टेकाड आणि खापरं दिसली असती.

अचानक काही सापडलं तर १८७८ चा एक कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. मोहरांचा हंडा निघाला तर ठीक. मातीतल्या गोल डागाची किंमत पंचनाम्यात किती लिहिणार?