फियाट ५०० : आधी पत्रा, मग इंजिन

मंडळी, जुनी फियाट ५०० बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा मागचं झाकण उघडतो आणि इंजिन सुरू करायला सांगतो. इटलीतल्या तोरिनोत मीही तेच केलं. इंजिन लगेच लागलं, मी खूश झालो. सोबत आलेल्या म्हाताऱ्या कारागिरानं मात्र इंजिनाकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर बसून त्यानं पायाखालची चटई उचलली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला. तो आरपार गेला.

अशा कारागिराला तिथं 'बात्तीलास्त्रा' म्हणतात, म्हणजे पत्रा ठोकणारा. या गाडीचं जगणं-मरणं त्याच्याच हातात असतं.

आपल्याकडे फियाट म्हटलं की कुर्ल्याच्या प्रीमियरची ११०० आठवते. तिचं चार सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन पुढे. फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांनी ५०० उलटी मांडली. जुलै १९५७ मध्ये ती बाजारात आली तेव्हा लांबी तीन मीटरला जेमतेम कमी, वजन सुमारे अर्धा टन आणि इंजिन मागे, ४७९ सीसीचं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. पाणीच नाही, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, गळणारे पाइप नाहीत. १९७५ पर्यंत अशा जवळपास चाळीस लाख गाड्या निघाल्या, म्हणून सुटे भाग आजही सहज मिळतात. इंजिन बिघडलं तर दुसरं आणता येतं.

पत्र्याचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. छपराला ताडपत्रीसारखं कापड आहे. त्यानं पत्रा वाचला, शिवाय दोन सिलिंडरची घरघर आत घुमायची ती वर निघून गेली. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. पण कापड जुनं झालं की पाणी झिरपतं आणि चटईखाली मुरतं. बॅटरी पुढच्या डिकीत असते, तिचं ॲसिड तिथला पत्रा खातं. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला की काहीच दिसत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. लांबीवर तो चिकटत नाही.

माझी गाडी १९६७ ची, 'एफ' मॉडेलची. दरवाजांखालच्या दोन्ही पट्ट्या कुजलेल्या होत्या. मी दोन्ही एकदम कापायला निघालो, तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला. गाडीचा भार त्याच पट्ट्या पेलतात; कापल्या की गाडी मधोमध वाकते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. त्यानं आधी दाराच्या चौकटीत तिरक्या नळ्या वेल्ड केल्या. मग एक बाजू कापायची, नवा पत्रा आधी ठिपक्या-ठिपक्यांनी टाचायचा, दार लावून फट मोजायची आणि मगच पुरं वेल्डिंग. ती बाजू झाली की दुसरी. सलग वेल्डिंग केलं की पत्रा उष्णतेनं ओढला जातो, म्हणून इथं दोन बोटं, मग तिथं दोन बोटं.

बरेचजण या गाडीत नंतरच्या फियाट १२६ चा गिअरबॉक्स बसवतात, कारण मूळच्यात सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही आणि गिअर उतरवताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. मी मूळचाच ठेवला. दोन क्लचमध्ये ॲक्सिलरेटर किती द्यायचा, हे इंजिन कानाला सांगतं. ती संगत मला सोडायची नव्हती.

शेवटी नळ्या कापून काढल्या, दारं चढवली. म्हाताऱ्यानं एका बोटानं दार लोटलं. ते टक् करून लागलं. दुसरंही लागलं. पत्र्याला अकरा महिने गेले होते. मग इंजिन उतरवलं. ते उघडून, साफ करून परत बसवायला चार दिवस लागले.