परत न गेलेल्या बाटल्या

(दृश्य : चिखलाने माखलेले हात, पाण्याची बादली, हातात एक बाटली)

ब्रश दोनदा फिरला की आधी काचेचा रंग दिसतो. फिकट, हिरवट निळा. वाळूतल्या लोहाची ही करामत. मग अंगठ्याला उठावाची अक्षरं लागतात. डोळ्यांना वाचता येण्याआधीच ती हाताला कळतात.

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात शेगड्यांमधली कोळशाची राख गावाबाहेर टाकत. त्याच राखेत घरातला बाकीचा कचराही जाई. छंदिष्ट मंडळी आज जमीनमालकाची परवानगी काढून हे उकिरडे उकरतात.

(दृश्य : बाटलीचा गळा, अगदी जवळून)

ही बाटली ओळखलीत ना? जत्रेतला गोटी सोडा! हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. बूच नको, तार नको. गळ्यात या दोन खोबणी दिसतात? सोडा ओतताना गोटी इथे अडकून राहते. मुंबईच्या मारामाऱ्यांत ज्या ‘सोडावॉटरच्या बाटल्या’ उडायच्या, त्या याच.

(दृश्य : खिडकीत ठेवलेली गडद निळी बाटली)

ही मात्र विषाची. सहा बाजू, उभ्या रेघा आणि ‘नॉट टु बी टेकन’ ही अक्षरं. मेणबत्तीच्या उजेडात चुकून हिलाच हात लागला, तरी बोटांनी सावध व्हावं.

सोड्याच्या बाटलीवरची अक्षरं कशासाठी? शोभेसाठी खासच नाही. कागदी लेबल भिजून सुटायचं आणि बाटली तर कारखान्याच्या मालकीची. काचेतच नाव आणि गाव असलं, की रिकामी बाटली आपल्या घरी परतायची, धुऊन पुन्हा भरली जायची. म्हणजे या फडताळात मांडल्यात त्या सगळ्या परत न गेलेल्या. पत्ता अंगावर असूनही वाट चुकलेल्या.

(दृश्य : चाळणीत फुटक्या काचा)

आणि या बघा, मानेशीच फोडलेल्या. एकीतही गोटी नाही. ती त्याच दिवशी कुणा पोराच्या खिशात गेली असणार.