उशिरा येणारा जोर

टर्बो गाडीविषयी बोलायला उभे राहिले की श्रोत्यांच्या मनातले दोन प्रश्न आधीच निकालात काढावे लागतात, नाही तर माणसे शेवटपर्यंत त्यांचाच हिशेब करत बसतात. पहिला प्रश्न अर्थातच ‘किती देते?’ शहरात जपून चालवली तर दहा-अकरा देते. मनासारखी चालवली तर जे काही देते ते मी घरीसुद्धा सांगितलेले नाही, त्यामुळे इथेही सांगणार नाही. दुसरा प्रश्न असा, की पुण्याच्या रहदारीत असली गाडी पळवता तरी कुठे? याचे उत्तर ‘जवळजवळ कुठेच नाही’ असे आहे, आणि तरीही ती बाळगण्यात समाधान का वाटते हाच आजचा विषय आहे. माझे म्हणणे असे, की हे समाधान गाडीच्या कमाल वेगाशी फारसे बांधलेले नाही. टर्बो इंजिन मागितलेला जोर लगेच हातात ठेवत नाही, क्षणभराने देते. त्या क्षणाचा अंदाज बांधून गाडी चालवायला शिकावे लागते, आणि त्या शिकण्यातच सगळी गंमत आहे. याची तीन कारणे मी क्रमाने मांडणार आहे.

माझी गाडी फियाटची अबार्थ पुंटो आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती बाजारात आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत दहा लाखांच्या किंचित आत होती. इंजिन १.४ लिटरचे टी-जेट, १४५ अश्वशक्तीचे आणि २१२ न्यूटन-मीटरचे. उभ्या जागेवरून ताशी शंभर गाठायला ८.८ सेकंद लागतात, असे कंपनीच म्हणत असे. तिच्या नाकावर इटालियन विंचू बसलेला असला तरी ती आपल्या नगर रस्त्यावरच्या रांजणगावात जन्मलेली आहे. विंचू कशासाठी, तर अबार्थ हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कार्लो अबार्थ या गृहस्थांचा जन्म १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात झाला आणि त्यांची रास वृश्चिक निघाली. पत्रिका पाहून धंदा करणारी माणसे फक्त आपल्याकडेच असतात असे कोणी समजू नये. २०१९ मध्ये पुंटोचे उत्पादन थांबले. चार दारांच्या आणि मागे भाजीच्या पिशव्या मावणाऱ्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावे का, असा आक्षेप शुद्धिवादी मंडळी घेतात. त्यांनी तो जरूर घ्यावा, पण एकदा दुसऱ्या गियरमध्ये बसून मग घ्यावा.

आता यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. टर्बोचार्जर त्यातला काही भाग वसूल करतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे बसवलेले असतात. त्यातला एक तापलेल्या धुराने फिरतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत घेतो, हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. अडचण अशी, की पंखा फिरायला धूर भरपूर पाहिजे, धूर भरपूर यायला पेट्रोल भरपूर जळले पाहिजे, आणि ते जळायला लागणारी हवा याच पंख्याने आणायची आहे. हे चक्र सुरू व्हायला जो वेळ जातो त्याला गाडीवाले लॅग म्हणतात. माझी गाडी इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली एक साधी, किंचित मंद, लहान हॅचबॅक आहे. त्याच्या वर गेली की पाठ सीटला टेकते.

या लॅगशी भांडण्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले आणि तिचा व्यवहारात उपयोग होऊन ती जहाजांच्या डिझेल इंजिनांवर बसायला वीस वर्षे लागली, म्हणजे टर्बोचा जन्मच मुळी उशिरा जोर पकडून झाला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आली. पेट्रोल अवेळी पेटून तिच्या इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी भरावी लागे, आणि ती भरायला मालक विसरत असत. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली आणि पुढच्या बंपरखाली ‘टर्बो’ ही अक्षरे उलटी रंगवली, जेणेकरून पुढच्या गाडीवाल्याला ती आरशात सुलटी दिसावीत आणि त्याने मुकाट्याने बाजूला व्हावे. काही आठवड्यांत जगात तेलटंचाई आली आणि गाडीच बाजूला झाली. पोर्शने १९७४ मध्ये ९११ टर्बो दाखवली. तीन लिटर, २६० अश्वशक्ती, चारच गियर आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणाच्या मधोमध अचानक जोर यायचा, चालक घाबरून पाय काढायचा आणि गाडी शेपटाकडून फिरायची. तिकडे तिला बायकांना विधवा करणारी गाडी म्हणत. शहाणपणाचे काम केले स्वीडनच्या साब कंपनीने. १९७८ मध्ये विक्रीला आलेल्या त्यांच्या ९९ टर्बोत छोटा टर्बो घालून त्यांनी रोजच्या वेगातच जोर मिळेल अशी व्यवस्था केली. तिची ताकद दोन लिटरमधून १४५ अश्वशक्ती होती. माझ्या रांजणगावच्या गाडीची तेवढीच आहे, हे मी योगायोग म्हणून सांगतो, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या बहुतेकांच्या घरी मात्र टर्बो आला तो डिझेलच्या दाराने. १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन असलेली स्विफ्ट ज्यांनी खंबाटकीत ट्रकच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये रडवली आहे, त्यांना लॅग म्हणजे काय ते मी शिकवायला नको.

आता माझी मुख्य तक्रार. ती इंजिनाविषयी नाही, गतिरोधकाविषयी आहे, आणि ती विषयाला सोडून आहे असे कोणी म्हणू नये. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे: उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जावी. ताशी पंचवीसला माझी गाडी दुसऱ्या गियरमध्ये दोन हजारांच्या जरा खाली असते; म्हणजे गतिरोधक नियमाप्रमाणे असेल तर तो उतरता उतरताच रेस द्यावी आणि पुढचे चाक सपाटीला लागताना टर्बो जागा व्हावा, इतका सुंदर मेळ आहे. पण आमच्या रस्त्यावर जे आहे ते कोणत्या मापाचे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उरलेल्या डांबराचे काय करायचे, असा प्रश्न रात्री कोणाला तरी पडतो आणि सकाळी रस्त्याला आडवा वळ उठलेला असतो. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही आणि माझ्या गाडीचे पोट साध्या पुंटोपेक्षा बुटके. मग पहिला गियर, तिरकी चाल, खालून खर्र असा आवाज, आणि मागच्या स्कूटरवाल्याची नजर. तेवढ्यात टर्बो पूर्ण झोपी गेलेला असतो. त्याला पुन्हा उठवावे तर दुसरा वळ. मी यासंबंधी अर्ज केला. अर्जाला उत्तर म्हणून आमच्या कोपऱ्यावर आणखी एक गतिरोधक आला. आपण हसता आहात, म्हणजे आपल्याही कोपऱ्यावर तो आलेला दिसतो.

या सगळ्यावर मला जे शिक्षण मिळाले ते माझ्या मामांकडून. मामा एसटीत चालक होते आणि सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या घाटांत झाली. गाडी घेतल्यावर मी त्यांना वाईला घेऊन गेलो आणि मोठ्या उत्साहाने टर्बोची सगळी माहिती सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “किल्ली दे.” पसरणी घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर गाडी मंदावली, नंतर एकदम उसळली. मी दाराचे हँडल धरले. मामा एवढेच म्हणाले, “अरे, ही मागाहून बोलते.”

पुढच्या वळणापासून त्यांनी जे केले ते मी अजून डोळ्यांपुढे आणतो. वळणाच्या बऱ्याच आधी, सपाटीवर असतानाच, त्यांनी दुसरा गियर टाकला. ब्रेक वळणाआधीच पुरा केला. स्टिअरिंग अजून वळलेलेच होते तेव्हा उजवा पाय हलकेच खाली गेला, इतका हलका की गाडीने तो मनावर घेतला नाही. मग एक बारीक शीळ ऐकू आली, काटा चढू लागला, आणि स्टिअरिंग सरळ झाले त्याच क्षणी सगळा जोर आला. तबलजी तिहाई कुठून उचलायची हे आधी ठरवतो म्हणून ती समेवर पडते, तसेच ते होते. वर पाचगणीला पोचलो तेव्हा मामांनी वेगाचा काटा फारसा वर जाऊ दिलेला नव्हता आणि तरी इतका मजेचा घाट मी कधी चढलो नव्हतो. मी विचारले, हे कसे जमले? ते म्हणाले, “आमच्या जुन्या गाड्यांत चढ लागायच्या आधी खालचा गियर टाकावा लागायचा. चढावर टाकायला गेलास की गाडी बसलीच. भरलेली गाडी, उभी माणसं. तुझ्या गाडीचं वेगळं काही नाही, हिला फक्त नखरा जास्त आहे.” आणि इंजिन त्यांनी लगेच बंद केले नाही, मिनिटभर तसेच चालू ठेवून खिशातली सुपारी काढली.

संयोजकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, पहिली मी वाचली नव्हती. पाच मिनिटे उरली आहेत आणि तीन कारणे बाकी आहेत, तेव्हा घाईने सांगतो.

पहिले कारण मामांनी सांगून टाकले: लॅगमुळे चालकाला रस्त्याच्या पुढच्या तुकड्याचा विचार आत्ता करावा लागतो. ज्या गाडीत पाय दाबला की लगेच उत्तर मिळते तिच्यात हा विचार लागत नाही, आणि जो विचार लागत नाही तो माणूस करत नाही.

दुसरे कारण उंचीचे आहे. दर हजार मीटर चढलो की हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते आणि साधे इंजिन तेवढेच दमते. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेले आणि टर्बो लावून त्याच्याकडून समुद्रसपाटीवरची ताकद काढून दाखवली. वाई ते पाचगणी ही चढण सुमारे ६०० मीटरची. बरोबरीच्या गाड्या वर जाताना किंचित दमतात, आपली दमत नाही. फेकून दिलेल्या धुरातून ही ताकद आलेली आहे, हे ज्याला हिशेबाची आवड आहे त्याला फार सुखावते.

तिसरे कारण देखभालीचे. ही गाडी निष्काळजी मालकाकडे टिकत नाही. जुनी टर्बो गाडी घ्यायची असेल तर हवेची नळी काढायला लावावी, थंड इंजिनावर पंख्याच्या टोकाचा नट दोन बोटांत धरून हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल चालते, कारण दांडा तेलावर तरंगणारा आहे. मागेपुढे बोटाला जाणवण्याइतका सरकला तर व्यवहार तिथेच संपवावा. पात्यांच्या कडा घासलेल्या आहेत का ते बॅटरीच्या उजेडात बघावे. नळीत बोटाला ओशट लागले तर हरकत नाही, तेल साचलेले असेल तर हरकत आहे. आणि सिंथेटिक तेलाऐवजी ‘साधे टाका, काही होत नाही’ असे जो मेकॅनिक म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवावे.

नव्या गाड्यांविषयी एकच वाक्य बोलतो. २०२४ मध्ये पोर्शने ९११ च्या एका आवृत्तीत टर्बोच्या दांड्यावरच विजेची मोटर बसवली, त्यामुळे धुराची वाट न पाहता पंखा फिरतो आणि लॅग उरत नाही. ती गाडी माझ्या गाडीपेक्षा सर्व बाजूंनी सरस आहे यात वाद नाही, पण मामांना तिच्यात काही काम नसते.

गाडी खाली फाटकाजवळ उभी आहे. ज्यांना बसून पाहायचे असेल त्यांनी दोघा-दोघांनी यावे, एक फेरी मारून आणतो. फक्त परत आल्यावर उत्साहाच्या भरात कोणी किल्ली फिरवू नये. इंजिन बंद झाले की दांड्याला तरंगवणारे तेलही थांबते, म्हणून मिनिटभर इंजिन चालू राहू द्यावे, तोवर ‘किती देते’ हे सोडून काहीही विचारावे.